गेंडा चाकांवर, बिबट्या मोबाईलवर

कानात हेडफोन घालून उसाला पाणी द्यायला निघालेल्यांना, एसटीत खिडकीशी जागा मिळवलेल्यांना, सगळ्यांना रामराम. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलले तसाच ठेवलाय, थोडा नीटनेटका करून.

आजचा विषय आहे कला आणि निसर्ग. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! सूर्यास्ताची चित्रं आणि 'निसर्ग आपला मित्र' वगैरे काही सांगणार नाहीये. मला एकच गोष्ट सांगायची आहे. एखाद्या कलाकृतीत प्राणी दिसला, की तो किती हुबेहूब आहे हे नंतर बघा. आधी बघा, माणूस त्याच्यापासून किती अंतरावर उभा आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद नावाची जागा आहे. 1974 मध्ये तिथे खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथात माणूस उभा आहे. चारही वस्तू भरीव ओतकामाच्या. गेंडा साधारण 19 सेंटीमीटर उंच, म्हैस 31 सेंटीमीटर, आणि रथ 45 सेंटीमीटर लांब. उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, म्हणजे ढोबळमानाने 4000 वर्षांपूर्वीच्या. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी मात्र त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. हा वाद जुना आहे आणि अजून पुरता मिटलेला नाही.

पण मला त्यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? चाकं. गेंडा आणि म्हैस चाकांवर आहेत. हत्तीची चाकं हरवलीत, पण त्याच्या पाटाखाली आस अडकवायची सोय दिसते. म्हणजे हे प्राणी ओढत न्यायचे होते. कदाचित मिरवणुकीत, असा एक अंदाज आहे.

हे आपल्याला तसं अनोळखी नाही. विदर्भात तान्हा पोळ्याला लहान मुलं चाकं लावलेला लाकडी बैल ओढत नेतात. पण बैल आपल्या गोठ्यातला. गेंडा कुणाच्या गोठ्यात होता? मोहेंजोदडोच्या त्या प्रसिद्ध मुद्रेवर, जिला 'पशुपती' म्हणतात, बसलेल्या आकृतीभोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि म्हैस आहेत. त्यातले तीन दायमाबादला आहेत. ज्यांच्यावर माणसाचा ताबा चालत नाही अशा बलदंड जनावरांना चाकं लावून माणसाने आपल्यासोबत चालवलं. मला त्यात भीतीही दिसते आणि मानही दिसतो. अंतर किती? हाताच्या दोरीएवढं.

आता गेंड्याचाच माग काढत चीनला जाऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये शांग काळाच्या अखेरीचं, इसवी सनापूर्वी 11व्या शतकाच्या आसपासचं काशाचं भांडं आहे. आकार गेंड्याचा, मस्त गुबगुबीत! ते विधीत मद्य ठेवायचं भांडं. आतल्या लेखात एका अधिकाऱ्याने राजाकडून कवड्या मिळाल्याची नोंद केली आहे. गेंडा इथे राजाची मर्जी आणि विधी यांच्यामध्ये उभा आहे. चीनमधले रानटी गेंडे पुढे संपले. भांडं राहिलं.

तिसरा गेंडा आपल्या शेजारच्या वाटेने गेलाय. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीजांना भेट दिला. गोव्याहून जहाजात चढवून 1515 मध्ये तो लिस्बनला पोचला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये आल्ब्रेख्त ड्यूररने एक पत्र आणि एक रेखाटन यांच्या आधारे त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. गेंडा त्याने कधी पाहिलाच नाही! म्हणून अंगावर चिलखताचे पत्रे आले आणि मानेच्या मागे एक जास्तीचं शिंग उगवलं. पुढे कितीतरी वर्षं युरोपला हाच खरा गेंडा वाटला. आणि खरा गेंडा? त्याला पोपकडे भेट म्हणून पाठवलं, वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि साखळदंडात बांधलेला तो बुडाला. चित्र जगभर फिरलं, जनावर पाण्याखाली गेलं. ऐकीव अंतरावरून काढलेलं चित्र असं असतं.

आता परत घरी येऊ, अकोले तालुक्यात. तिथल्या आदिवासी गावांत वाघोबा हा देव आहे. शिवेवर, रानाच्या तोंडाशी त्याचं ठाणं असतं. शेंदूर लावलेला दगड, कुठे कोरलेला वाघ. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आमची गुरं सांभाळ, आम्हालाही सांभाळ, असं मागणं. हे अंतर कसं आहे बघा. वाघ घरात नाही, पार हाकललेलाही नाही. तो शिवेवर आहे आणि शीव दोघांची आहे.

याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. शेतीच्या, दाट वस्तीच्या त्या भागात दर 100 चौरस किलोमीटरमागे 5च्या आसपास प्रौढ बिबटे निघाले. उसात आडोसा, वस्तीवर कुत्री, मग बिबट्या राहणारच.

भीती खोटी नाहीये हं. आपल्या जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं जखमी झाली आहेत, जीवही गेले आहेत. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला अंधारात एकट्याने जाणाऱ्याला 'सहजीवन' शिकवणं सोपं आहे, त्याच्या जागी उभं राहणं अवघड.

पण आपल्या पिढीची बिबट्याची कला कोणती? विहिरीत पडलेला बिबट्या, काठावर दोनशे माणसं आणि दोनशे मोबाईल. खाली संगीत, वर 'बघा थरार'. कुठल्या तालुक्यातला, कधीचा, पत्ता नाही. फॉरवर्ड होत होत त्यालाही एक जास्तीचं शिंग उगवतं. गर्दीने बिथरलेलं जनावर बाहेर पडताना कुणावर झेप घेईल, हे त्या व्हिडिओत दिसत नाही.

म्हणून एवढंच करा. पुढचा व्हिडिओ आला की आधी बघा, कॅमेरा कुठे उभा आहे. दोरीच्या अंतरावर, शिवेवर, की विहिरीच्या काठावर गर्दीत? आणि तुमच्या गावात वाघोबाचं ठाणं असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्याला काय मागायचे. उत्तर रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकू.

तोवर, रात्री शेतावर जाताना बॅटरी घ्या, जोडीला माणूस घ्या. भेटू!