हात बिघडत नाही

गणेशोत्सवात भांडुपच्या कोकणनगर, टेंभीपाड्यातून बेंजो पथकं शिवाजी तलावाच्या दिशेने निघाली, की मी गर्दीतून वाट काढत बेंजोवाल्याशेजारी जाऊन उभा राहतो. ही सवय शाळेपासूनची. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर पळतात, उजवा हात तारा छेडतो आणि पिकअपमधून निघालेला आवाज स्पीकरवरून सगळ्या गल्लीत पसरतो. हे वाद्य मूळचं जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ घडवलं. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं आणि मुंबईच्या रस्त्यावर विजेवरचा बेंजो. विजेवर चालणारं तंतुवाद्य भांडुपला नवं नाही.

तरीही व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाने सिनेमाची चाल काढली किंवा इलेक्ट्रिक व्हायोलिन मागितलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘हात बिघडेल.’ हे वाक्य खरं आहे का, याचा शोध घेताना मी पोहोचलो गोव्यातल्या माजोर्ड्याच्या एका माणसापाशी.

अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे नाव ‘अमर अकबर अँथनी’मुळे घरोघरी गेलं. पण ते कुणाचं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. चाळीसच्या दशकात मुंबईत आलेले हे व्हायोलिनवादक सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवत, अरेंजर म्हणून काम करत आणि शिकवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. १९७७च्या त्या चित्रपटात नायकाचं आडनाव आधी फर्नांडिस होतं, ते गोन्साल्विस करावं असं प्यारेलाल यांनीच सुचवल्याचं सांगतात. शिष्याने गुरूला दिलेली याहून लोकप्रिय दक्षिणा मला माहीत नाही.

मला मात्र ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यापेक्षा १९५८ साल मोलाचं वाटतं. त्या साली गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भव्य वाद्यवृंद उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. ‘सोनाटिना इंडियाना’, राग सारंगमधला कॉन्चेर्टो, अशा त्यांच्या रचना. त्या काळी स्टाफ नोटेशन वाचणारे गोमंतकीय वादक एकीकडे आणि राग कानाने उचलणारे वादक दुसरीकडे, अशी सरळ फाळणी होती. गोन्साल्विस दोन्हीकडचे झाले. पुढे १९६५ साली ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले आणि मुंबई त्यांना विसरली. चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, हे मराठी माणसाने आठवणीत ठेवावं असं काम आहे. सिनेमात वाजवून गोन्साल्विस यांचा हात बिघडला नाही, उलट त्यातूनच त्यांना पुढचं संगीत सुचलं.

दुसरा पुरावा आपल्या घरातला. प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांचं व्हायोलिन १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणात वाजलं. त्यांनी भावगीतं अशी वाजवली, की श्रोत्याला शब्द ऐकू येत. गायक जिथे श्वास घेतो तिथेच गज वळला पाहिजे, ही शिस्त कुठल्याही अलंकाराच्या रियाजाइतकीच कठीण आहे.

आता विजेचं बघू. अमेरिकेतला जॅझवादक स्टफ स्मिथ १९३० च्या दशकातच अँप्लिफायर लावून व्हायोलिन वाजवत होता. कर्नाटक संगीतात मुरलेल्या एल. शंकर यांच्यासाठी केन पार्कर यांनी १९८० साली दहा तारांचं दुहेरी इलेक्ट्रिक व्हायोलिन घडवलं. डबल बासपासून व्हायोलिनपर्यंतचे स्वर त्यावर निघतात. यामाहाचं ‘सायलेंट व्हायोलिन’ १९९७ साली आलं. यांत तारांचं कंपन पिकअप टिपतो, आवाज घुमवायला पोकळ पेटी लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, बाळ झोपलेलं असताना, हेडफोन लावून रियाज करता येतो. भांडुपच्या मुलांसाठी हा फायदा लहान नाही.

धोका एकच. अँप्लिफायर गजाचा खरखराट आणि किंचित उतरलेला स्वरही मोठा करून दाखवतो. म्हणून पहिली दोन वर्षं साधंच व्हायोलिन असावं, कान पक्का व्हावा. त्यानंतर एखादं इलेक्ट्रिक व्हायोलिन वर्गात असावं आणि सगळ्यांनी आळीपाळीने वाजवावं. वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या लूपरवर स्वतःचाच षड्ज धरून त्यावर आलापी करावी. गजाने तारेवर ठोका देत ताल धरायची ‘चॉप’ ही युक्ती अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रीन यांनी साठच्या दशकात रुजवली. ती कोळीगीताच्या ठेक्यावर बसवून पाहावी. मींड, गमक यांचं आपलं धन घेऊन मुलं त्या चालीत शिरतील, तेव्हा ती नक्कल राहणार नाही.

हात बिघडतो तो बेसूर रियाजाने. चालीने नाही, विजेनेही नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे: पुढच्या विसर्जनाला वर्गाच्या खिडक्या लावून घेऊ नका. मुलांना खाली रस्त्यावर न्या, बेंजो ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी तीच चाल त्यांना व्हायोलिनवर काढायला सांगा.