सहाव्या वर्षाची दाढ म्हणजे मुद्दल
मुलांच्या दातांची देखभाल : खर्च कोठे वाचतो, कोठे वाढतो?

यंत्रमाग चालवणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही, की मागावर साचलेली सुताची धूळ वेळेवर झाडली नाही तर आधी कापड बिघडते आणि मग यंत्र. शिलाई मशीनवाला आठवड्याला तेलाचे दोन थेंब घालतो. दुकानदार वजनकाटा पुसून ठेवतो. देखभालीचा खर्च थोडा आणि दुरुस्तीचा मोठा, हा हिशेब आपल्या धंद्यात पक्का बसलेला आहे. मात्र घरात मूल दाढ धरून रडू लागेपर्यंत त्याच्या तोंडात कुणी डोकावत नाही. रात्र जागून निघते, दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो आणि डॉक्टर सांगतात, "कीड नसेपर्यंत गेली आहे."

अशा वेळी बरेच पालक म्हणतात, "दुधाचाच दात आहे, काढून टाका." या एका वाक्याने पुढचा खर्च वाढतो.

दुधाचे दात २० असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात. दाढ मुदतीपूर्वी काढली तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. मग तारा बसवण्याचा खर्च अंगावर पडतो.

याहून मोठी चूक सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते. दात पडलेला नसल्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात. प्रत्यक्षात ती कायमची दाढ असते. ती किडून गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर दुधाचे दात ही अनामत आणि ही दाढ मुद्दल आहे.

कीड लागते कशी?

दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. साखर मिळाली की हे जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कवच विरघळते. लाळ ही झीज भरून काढते, पण तिला वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे ठरते. जेवणानंतर एकदा मिठाई खाणे परवडते. गल्ल्यावर बसलेल्या मुलाच्या हातात दर तासाला गोळी-बिस्कीट देणे परवडत नाही. तान्ह्या मुलाला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे सर्वांत वाईट, कारण झोपेत लाळ कमी होते.

दवाखान्यातली सफाई

दातांवरचा थर रोज निघाला नाही तर तो कडक होतो. त्याचे किटण बनते आणि ते ब्रशने निघत नाही. डॉक्टर ते यंत्राच्या कंपनाने काढतात. यालाच स्केलिंग म्हणतात. "सफाईने दात हलतात", असा समज आपल्याकडे घट्ट आहे. खरे पाहता दात हलतात ते किटणामुळे हिरड्या सुजून आणि खालचे हाड झिजून. किटण निघाले की त्याने भरलेली फट मोकळी दिसते. काही दिवस थंड पाणी झोंबते, मग बरे वाटते.

लहान मुलांना बहुधा स्केलिंग लागत नाही. मऊ ब्रशने व पेस्टने केलेली सफाई पुरते. त्यासोबत दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर विचाराव्यात. पहिली म्हणजे दातांना लावायचा फ्लोराइडचा लेप. दुसरी म्हणजे सहाव्या वर्षाच्या दाढेच्या खाचा बुजवणारे सीलंट. दोन्हींत सुई नाही आणि दुखत नाही. हा खर्च शेकड्यांत निघतो, तर रूट कॅनॉल व कॅपचा हजारांत जातो.

घरचे काम

ब्रश दिवसातून दोनदा करावा, त्यातला एक रात्री झोपण्यापूर्वी. पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा ब्रश मोठ्यांनी स्वतः फिरवावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी व बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तेथील पालकांनी पेस्टबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मिसवाकची सवय चांगली आहे. ती मोडू नये, पण मुलांच्या दाढांच्या खाचांसाठी जोडीला ब्रश ठेवावा. मशेरी मात्र घरातून कायमची काढावी. ती भाजलेली तंबाखूच आहे. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. जनरल स्टोअर्सवाल्या बांधवांनीही मुलांच्या मऊ ब्रशला पुढच्या फळीवर जागा द्यावी आणि गोळ्यांची बरणी थोडी मागे सरकवावी.

जायचे कोठे?

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांचे दातही तपासले जातात. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात आणि सरकारी दवाखाना त्या दिवशी उघडा असतो. रोज न बुडवता मुलाला नेण्याची ही सोय आहे. पदपथावर दात काढणाऱ्या-बसवणाऱ्यांकडे मात्र मुलाला नेऊ नये. डॉक्टर नोंदणीकृत असल्याची खात्री करावी.

एका डॉक्टरांचे दुकान

या विद्येचा पाया आपल्या देशात ज्यांनी घातला, त्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांचे नाव आपल्या मुलांना माहीत असावे. २४ डिसेंबर १८९० रोजी आजच्या बांगलादेशात त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ साली ते दंतवैद्य झाले आणि नंतर बोस्टनमध्ये मुलांच्या दंतरुग्णालयात त्यांनी काम केले. मायदेशी परतून १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. पैसा कोठून आणला? त्यासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान चालवले आणि त्याच्या मिळकतीवर महाविद्यालय उभे केले. गोड सरबताच्या गल्ल्यातून दातांची विद्या उभी राहिली! १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

धंद्यातली कमाई कोठे लावावी, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याला महाविद्यालय काढायचे नाही. आज रात्री दुकान बंद करून घरी गेल्यावर मुलाला दिव्याखाली बसवावे, तोंड उघडायला सांगावे आणि मागच्या दाढेवर काळा ठिपका आहे का, एवढे पाहावे. ठिपका दिसलाच, तर दवाखान्यात जाण्यासाठी मुलाच्या रडण्याची वाट पाहू नये.