कुत्र्याची जात आणि मालकाची जबाबदारी

केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी कुत्र्यांच्या २३ जाती धोकादायक ठरवून त्यांची विक्री व पैदास रोखण्याविषयी राज्यांना लिहिले. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. पुढे ऑगस्टमध्ये गोव्यातील हणजूण येथे पिटबुल जातीच्या पाळीव कुत्र्याच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा दगावला. दोष जातीचा मानावा की मालकाचा?

जातीवरून देहाचे वजन व जबड्याची ताकद यांचा अंदाज येतो. मोठ्या कुत्र्याचा चावा अधिक घातक, हे उघड आहे. स्वभावाचे तसे नाही. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत (२०२२) वर्तनातील भिन्नतेपैकी जेमतेम ९ टक्के भागाचा उलगडा जातीवरून झाला.

पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचे असताना त्याला माणसांची, मुलांची, रस्त्यावरील गोंगाटाची ओळख व्हावी लागते. या काळात ते कोंडून ठेवल्यास पुढे अनोळखी माणसास भिते; आणि भ्यालेले कुत्रे चावते. केवळ रुबाबासाठी राखणदार कुत्रे आणून त्याला चिथविणारे मालक हीच भीती पोसत असतात. चावण्यापूर्वी कुत्रे बहुधा अंग ताठ करते, नजर रोखते, गुरगुरते. गुरगुरण्याबद्दल त्यास मारणे हा तर शुद्ध अविचार होय. इशारा तेवढा थांबतो, भीती तशीच राहते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून संभवणारा धोका टाळण्यात हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या कलमात कुत्र्याच्या जातीचा उल्लेख नाही.