सुई शिरेत आहे ना?

फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र उघडण्याची घोषणा झाली. बीड जिल्ह्याला तिचं मोल वेगळं सांगायला नको. अंबाजोगाईला 1970 च्या दशकातच ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, तरी केमोसाठी पेशंटची वाट बार्शीची, नाहीतर थेट मुंबईच्या टाटाची. मधली वर्षं एसटीत गेली. 2012 साली तेव्हाच्या औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं आणि वाट आखूड झाली. त्यानंतरच्या वर्षांकडे पाहताना एक गोष्ट खटकते. आपण खाटा मोजल्या, यंत्रं मोजली. औषध शिरेत सोडणाऱ्या सिस्टरचं कसब हिशेबात धरलंच नाही.

स्तनाच्या कॅन्सरवरचं डॉक्सोरुबिसिन, पेशंटच्या भाषेत 'लाल औषध', शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस मरतं. म्हणून मनगट आणि कोपराची घडी टाळून मधल्या भागातली चांगली शीर धरायची, चालू सलाईनमध्ये औषध सावकाश सोडायचं, थोड्या थोड्या वेळाने दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का पाहायचं आणि "ताई, आग होते का?" हे विचारत राहायचं. जखम पुष्कळदा काही दिवसांनी उघडी पडते. तोवर ऊसतोडीला जाणारी बाई उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर पोचलेली असू शकते, आणि त्याच हातात कोयता असतो. कॅन्सरची भीती या जिल्ह्यात उपचाराच्या आधी पोचली: 2019 च्या सर्वेक्षणात ऊसतोडीच्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि अनेकींना कॅन्सरचाच धाक घातला गेला होता. ज्यांच्या शरीराशी एवढी हयगय झाली, त्यांना निदान केमो तरी निगुतीने मिळावी.

माणसं कमी आहेत, दोघींनी औषध, डोस आणि नाव ताडून पाहायला वेळ कुठला, असं म्हटलं जातं. अडचण खरी आहे. पण व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात दिलं गेलं की माणूस बहुधा वाचत नाही. सिरिंजऐवजी ते छोट्या सलाईन पिशवीतून द्या, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली दिला; त्याला जादा माणूस लागत नाही, नियम लागतो. सिस्टरच्या जिवाचाही प्रश्न आहे. केमो हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांना इजा करणाऱ्या द्रव्यांच्या खुणा सापडल्याचं फिनलंडच्या संशोधकांनी 1979 मध्येच दाखवलं होतं. तरीही औषध तयार करताना सिस्टरला जपणारं सेफ्टी कॅबिनेट 'पुढच्या टप्प्यात' ढकलण्याची वृत्ती जात नाही. सगळ्यात मोठं नुकसान बदलीने होतं: हात बसलेली सिस्टर प्रसूती वॉर्डात जाते आणि नवी पुन्हा पहिल्यापासून शिकते. केंद्राचा फलक लावण्याआधी तिथल्या प्रशिक्षित सिस्टरांची यादी लावा, आणि त्या यादीला निदान तीन वर्षं बदलीचा हात लावू नका.