झडपेत नारळ

गटारी परवा झाली. श्रावण लागला म्हणून पावसाने हात आखडता घेतलेला नाही आणि अमावास्येचं उधाणही अजून उतरलेलं नाही. दुपारचा एक वाजतोय. वाशीच्या मिनी सीशोअरवर एरवी या वेळी चिटपाखरू नसतं. आज कठड्याला छत्र्यांची रांग लागलीय. गावाकडे नदीला पूर आला की लोक पुलावर जमतात, तसे इथले लोक भरती बघायला जमतात. मक्याचं कणीस भाजणाऱ्या बाईंनी निळी ताडपत्री ताणून शेगडी पेटवलीय. धंदा बरा आहे.

माझ्या पाठीशी सेक्टर आहे. शाळा, बाग, भाजी मार्केट, दवाखाना, बसथांबा, सगळं चालत गाठता येतं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं आणि वाशी त्यातला पहिला नोड. त्या आखणीचं सुख आम्ही रोज भोगतो आणि रोज कुरकुरतोही. समोरच्या इस्टेट एजंटच्या बोर्डावर ‘गार्डन फेसिंग’ आहे, ‘क्रीक व्ह्यू’ आहे, क्लब हाऊस आहे. या वस्तीची सगळ्यात मोलाची सोय मात्र त्या बोर्डावर नाही. ती कठड्याच्या खाली पसरलीय, चहाच्या रंगाची. होल्डिंग पॉंड. वर्तमानपत्रं त्याला धारण तलाव म्हणतात. नवखे लोक त्यालाच खाडी समजून सेल्फी काढतात.

खाडी पलीकडे आहे, बांधाच्या आणि तिवरांच्या मागे. आणि आत्ता ती आमच्यापेक्षा वर आहे. हे वाचताना विचित्र वाटेल, पण ही मुळातली खाजण जमीन. भराव घालून उचलली, तरी मोठ्या भरतीच्या पातळीइतकी नाही. उधाणात आमची गटारं खाडीच्या खाली जातात. म्हणून बांधात लोखंडी झडपा बसवल्यात. ओहोटीला तलावाचं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीच उलट बाजूने रेटते आणि झडप गच्च मिटते. मग पुढचे काही तास सेक्टरावर पडलेला सगळा पाऊस तलावाने पोटात ठेवायचा. ना बटण, ना वीज.

आज मात्र एक झडप पुरती मिटलेली नाही.

रेनकोट घातलेले दोन कामगार तिच्यापाशी वाकलेत. वरच्या बिजागऱ्या गंजून खरबरीत झाल्यात. पत्र्याच्या आणि चौकटीच्या मध्ये, खालच्या कोपऱ्यात, एक नारळ अडकलाय. फोडलेला नव्हे, अख्खा, वर शेंडी आणि शेंडीला लाल दोरा. त्याच्यामुळे पडलेल्या चार बोटांच्या फटीतून खाडी आत घुसतेय. पाण्याची चपटी, जाड धार थेट तलावात. कुणीतरी भक्तिभावाने खाडीत सोडलेला नारळ भरतीबरोबर परत आलाय आणि नेमका इथे येऊन बसलाय.

“नारळी पौर्णिमेला अजून पंधरवडा आहे, ही आगाऊ घाई कुणाची?” शेजारच्या आजी विचारतात. कठड्यावर हशा पिकतो.

“मागे व्हा काकू, घसराल,” खालून एक कामगार ओरडतो. दुसरा बांबूने टोचतोय. बांबू निसटतो, पुन्हा टोचतो. पाण्याचा दाब झडपेला नारळावरच दाबून धरतोय, त्यामुळे तो हलत नाही. शेवटी पहिला जण पहारीने पत्रा जरा उचकटतो, धार एकदम दुप्पट होते, कठड्यावरची मुलं किंचाळतात आणि नारळ तलावात टुणकन जातो. झडप आदळते, लोखंडाचा आवाज पायाखाली जाणवतो. कुणी टाळ्या वाजवत नाही. दोघं कामगार तंबाखू मळत पुढच्या झडपेकडे निघतात.

माझ्या बाजूला जुहूगावचे एक आजोबा उभे आहेत, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली. “आमचे आज्याचे शेतान पन ह्याच व्हता,” ते म्हणतात. “बांदाला उगारी, आन् उगारीला लाकराची झाप.” उगारी म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून या काठच्या आगरी लोकांनी बांध घालून जे केलं, तेच शहराने लोखंडात केलं. आम्ही मात्र त्याला डच तंत्रज्ञान म्हणून नावाजतो. त्यांच्या आज्याचं शेत कुठे होतं, मी विचारतो. ते माझ्या मागच्या बारा मजली इमारतीकडे हनुवटी करतात.

एक गोष्ट इथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तलावाचं पोट निम्मं गाळाने भरलंय. गाळावर तिवरं रुजलीत, चांगली पुरुषभर उंच. त्यांच्या बुंध्याशी निवट्या चिखलात उड्या मारतायत, शेंड्यांवर बगळे भिजत बसलेत. दृश्य म्हणाल तर देखणं. पण गाळ काढायचा तर ही तिवरं तोडावी लागतील, आणि 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवन तोडायचं तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. खाडीकाठची तिवरं राखली नसती तर भराव कुठवर गेला असता कोण जाणे. तरी माणसाने पाणी साठवायला खणलेल्या खड्ड्यातली तिवरं आणि खाडीतलं जंगल यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. गाळ काढायला हवा. इथली काढलेली तिवरं खाडीकाठी दुसरीकडे लावायला हवीत, आणि ती जगली का हे पुढची काही वर्षं कुणीतरी जाऊन बघायला हवं.

दीड वाजतो. तलाव कठड्याच्या तिसऱ्या पायरीला लागलाय. मागच्या रस्त्यावर पाणी साचायला लागलंय, स्कूटरवाले पाय वर घेऊन चाललेत. एजंट एका नव्या जोडप्याला शटरखाली उभं करून मोबाइलवर याच तलावाचा हिवाळ्यातला फोटो दाखवतोय.

खाडीकाठी घर घ्यायचं मनात असेल तर जानेवारीतल्या संध्याकाळी बघायला येऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, भर दुपारी, धो धो पावसात या. खोल्या नंतर बघा. आधी झडप कुठे आहे आणि तलावातला गाळ शेवटचा कधी काढला, ते विचारा.