एका पैशाची भट्टी

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. लाख माणसांनी माणशी एक पैसा दिला, तर जमतात १,५६२ रुपये आठ आणे. स्वदेशी उद्योगासाठी पैशापैशाने वर्गणी जमवणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचा पाया हा एवढाच हिशेब. त्यातली गोम कुठल्याही दुकानदाराच्या लगेच लक्षात येईल: एक पैसा गोळा करायला एका पैशाहून जास्त खर्च येतो. तो खर्च कुणी सोसायचा? तर दारोदार फिरणाऱ्यांच्या पायांनी.

काळ वंगभंगाच्या आगेमागेचा. चांगल्या कामाला पैसा हवा तर संस्थानिकाच्या नाहीतर शेटजींच्या दारी जायचं, ही तेव्हाची रूढ वाट. (तेव्हाची कशाला, आजचीही.) काळे उलट्या टोकाला गेले. मोठी देणगी एक मिळाली की काम होतं. पण पैसा देणाऱ्या हजारो घरांमध्ये स्वदेशी उद्योगाची निदान एकदा तरी चर्चा होते. वर्गणीदाराला आपण काय दिलं हे ठाऊक असतं आणि त्याचं काय झालं हे विचारायचा हक्कही असतो. टिळकांना यातलं राजकारण उमगलं नसतं तरच नवल. ते या कल्पनेच्या पाठीशी उभे राहिले.

जमलेल्या पैशांचं करायचं काय? उत्तर निघालं काच. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या वेळच्या घरात डोकावून पाहा. कंदिलाची चिमणी परदेशी, बाटली परदेशी, आणि सवाष्णीच्या हातातल्या बांगड्यासुद्धा ऑस्ट्रियाहून आलेल्या. स्वदेशीची शपथ घेतलेल्या घरात संध्याकाळी दिवा लागायचा तो विलायती काचेआडून.

काच करायला लागते वाळू, सोडा आणि चुना. आणखी लागते भट्टी, जी एकदा पेटली की सहसा विझवायची नसते. थंड होताना मुशी तडकतात, जळण वाया जातं. वितळलेला गोळा पोकळ नळीच्या टोकावर घ्यायचा, फुंकायचा, फिरवत राहायचं. तयार झालेली वस्तू एकदम गार वाऱ्यात आणली तर फुटते, म्हणून ती सावकाश निववावी लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही. जाणकार हवा होता, आणि तो आजच्या उत्तर प्रदेशातून आला. ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये काचकाम शिकले होते आणि पुढे बोस्टनच्या एमआयटीतही. १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे त्यांच्या देखरेखीखाली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले.

कारखाना म्हणून तळेगावचं मोजमाप घ्यायला गेलं तर हाती फार लागत नाही. पैशापैशाने जमलेल्या भांडवलावर मोठी यंत्रं येत नाहीत, आणि आयात मालाशी भावात टक्कर देणं सोपं नव्हतं. माझ्या मते मात्र तो कारखान्यापेक्षा शाळा म्हणून मोठा होता. इथे फुंकणी धरायला शिकलेले कारागीर देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. खुद्द वार्ष्णेयांनी पुढे उत्तर प्रदेशात बहजोईला काचेचा कारखाना उभारला. दारात आलेल्या स्वयंसेवकाच्या हाती पैसा टेकवणाऱ्या बाईला बहजोई कुठे आहे हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आमच्या सोसायटीत हल्ली मदतनिधीची वर्गणी क्यूआर कोडवर जमते. दहा मिनिटांत काम फत्ते. कुणाला जिना चढावा लागत नाही, कुणाचा नकार तोंडावर ऐकावा लागत नाही. गेल्या खेपेला मीही पाचशे रुपये पाठवले. ते कशासाठी होते हे आठवायला मला मोबाइलमधला निरोप पुन्हा उघडावा लागला. काळ्यांच्या हिशेबात हा जमेचा आकडा कुठे बसला असता कोण जाणे.

काळ्यांच्या पैसा फंडाच्या कल्पनेने कोकणातही मूळ धरलं. संगमेश्वरच्या व्यापाऱ्यांनी ‘व्यापारी पैसा फंड’ याच नावाने संस्था काढून शाळा चालवली. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. संगमेश्वरच्या पैसा फंड इंग्लिश स्कूलच्या नावात मात्र पैसा अजून चालतो.