सागरी कवकांतील कर्करोगरोधी संयुगे

समुद्राचे पाणी, तळाचा गाळ, बुडालेले लाकूड, शैवले व स्पंज यांत वाढणाऱ्या कवकांना (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित जीवांना) सागरी कवके म्हणतात. २०१५ मधील एका वर्गीकरणात त्यांच्या १,११२ जातींची नोंद आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागर द्रोणीत सु. ५,००० मी. खोलीवरील गाळातूनही कवके मिळविली आहेत. अन्य सूक्ष्मजीवांशी स्पर्धा करताना कवके जी संयुगे निर्माण करतात, त्यांपैकी काही कर्करोगाच्या कोशिकांनाही मारक ठरतात.

शोधपद्धती : नमुन्याचा पृष्ठभाग निर्जंतुक करून त्याचे तुकडे सागरजलयुक्त आगरावर ठेवतात. जंतूंची वाढ रोखण्यासाठी आगरात प्रतिजैव पदार्थ मिसळतात. वेगळे केलेले कवक द्रव माध्यमात वाढवून कार्बनी विद्रावाने त्याचा अर्क काढतात व प्रयोगशाळेत जोपासलेल्या मानवी कर्ककोशिकांवर त्याची परीक्षा घेतात. परिणामकारक अर्काचे वर्णलेखनाने भाग पाडतात आणि प्रत्येक भागाची पुन्हा परीक्षा घेतात. अखेर हाती आलेल्या शुद्ध संयुगाची संरचना अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन व द्रव्यमान वर्णपट यांवरून ठरवितात. जपानी शास्त्रज्ञांना सारगॅसम शैवलावरील लेप्टोस्फेरिया या कवकातून मिळालेली लेप्टोसिने ही अशीच संयुगे होत.

मर्यादा : काचपात्रातील कोशिका मारणे फारसे अवघड नाही, अनेक सामान्य विषेही ते करतात. निरोगी कोशिकांना सोसवेल अशा मात्रेत कर्ककोशिका मरतात काय, हा खरा प्रश्न असतो. शिवाय कवकात संयुग अत्यल्प असते आणि ते पूर्वीच ज्ञात असल्याचेही पुष्कळदा आढळते. हॅलिमिडा या हिरव्या शैवलावरील ॲस्परजिलस कवकापासून अमेरिकेत वेगळे केलेले हॅलिमाइड हे जपानमध्ये दुसऱ्या ॲस्परजिलसपासून मिळालेल्या फेनिलाहिस्टिनाशी एकरूप ठरले.

प्लिनाब्युलीन : हॅलिमाइडाच्या संरचनेवरून हे संयुग कृत्रिम रीत्या तयार करण्यात आले. ट्युब्युलीन या प्रथिनाशी बद्ध होऊन ते कोशिका विभाजनास आवश्यक असणाऱ्या सूक्ष्मनलिकांची जुळणी बिघडविते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ५५९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. डोसेटॅक्सेलाच्या जोडीने प्लिनाब्युलीन दिलेल्या रुग्णांचा मध्यक जीवितकाल १०.५ महिने, तर केवळ डोसेटॅक्सेल दिलेल्यांचा ९.४ महिने आढळला. लाभ निश्चित असला, तरी तो सु. एक महिन्याचाच आहे. काचपात्रातील यश व रुग्णाचा लाभ यांतील अंतर यावरून ध्यानात येते.